दमानं येणारा दिवा

लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जावं, तळ ठोकू नये, हा माझ्या आईचा कायदा. सणसरच्या घरातून तिला जळोचीला माझ्याकडं आणायला मला तिचे डोळे बिघडेपर्यंत थांबावं लागलं. काचबिंदूनं तिची अशी पंचाईत केली की अंधूक उजेडात पायरी दिसेना आणि लख्ख उजेडात डोळे दिपून काहीच दिसेना. आमच्या नव्या घरात तर मी हौसेनं जिकडंतिकडं पांढरेफेक दिवे लावलेले. तिन्हीसांजेला मी बटण दाबलं की आई पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची.

"जावयाचं घर हाय का लग्नाचा मांडव?" असं म्हणायची आणि पिशवी भरायला लागायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून सणसरला ती एकटीच. या डोळ्यांनी तिला तिथं एकटी ठेवायला मी तयार नव्हते. तिला सोसेल असा उजेड घरात आणायचा आणि तिला ठेवून घ्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उपाय नवऱ्यानं शोधला. डिमरचं मॉड्यूल म्हणजे जिन्याखालच्या पॅनेलमध्ये बसणारी बिस्किटपुड्याएवढी पेटी. घरातल्या सगळ्या दिव्यांच्या वायरी तिथं जोडायच्या, प्रत्येक खोलीला पेटीतला वेगळा चॅनेल द्यायचा, मग मोबाईलवरून ज्या खोलीत जेवढा हवा तेवढाच उजेड ठेवायचा. घर बांधताना सगळ्या वायरी जिन्याखाली आणायचा हट्ट त्याचाच होता. त्यामुळे भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, आणि हे तो मला दिवसातून दहादा ऐकवत होता. ऐकवू दे. त्याचे उपकारच आहेत.

वायरमन आमच्या सणसरकडचाच, इंदापूर तालुक्यातला, निम्मं आयुष्य शेतातल्या मोटारींचे स्टार्टर बसवण्यात घालवलेला. आधी लावलेले बल्ब मंद केले की लुकलुकायला लागले. "ह्ये कमी व्हायचं नावच घेत न्हाईत, ताई," म्हणाला आणि बारामतीत जाऊन मंद होणारे घेऊन आला. मग उजेड किती ठेवायचा हे त्यानं मला विचारलंच नाही. आईला मधोमध खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "आजी, तुमी थांब म्हणला की थांबतो." उजेड हळूहळू वाढत गेला. आई आपला तळवा समोर धरून बसली होती.

"हां, थांब. हितं मला माजा हात दिसतोय."

वायरमननं तिथंच बोट उचललं.

शेवटी मोबाईलवर एक प्रश्न आला. वीज जाऊन परत आली, तर दिवे कसे लागावेत? वायरमन आणि मी एकदमच म्हणालो, "ऑटोवर!" उसाच्या गावात वाढलेलं माणूस दुसरं काय म्हणणार? लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून शेतातली पाण्याची मोटर कायम ऑटोवर टाकलेली. लाइट आली की तिनं आपली आपण पूर्ण जोरात सुरू व्हायचं. लाइट आली आणि मोटर गप्प राहिली, तर आण्णा घर डोक्यावर घ्यायचे. आम्ही 'पूर्ण चालू'वर बोट ठेवलं आणि चहा प्यायलो. नवरा बाजारपेठेतला, त्याला यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी लाइट गेली. आई देवघराच्या पायरीवर भिंतीला धरून उभी राहिली. लाइट आली आणि घरातला दिवा न् दिवा भपकन पूर्ण पेटला. आई पदरात तोंड घालून मटकन खाली बसली. लागलं नाही, देवाची कृपा.

"मला सणसरला सोड," ती म्हणाली. "आंधळी झाले तरी तितली भिंत मला वळखती."

मी वायरमनला फोनवर नको नको ते बोलले. तो मोटारसायकल काढून तसाच आला, पॅनेलपुढं उभा राहिला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "ताई, आपण घराला पाणी पाजाय निघालो की!" रडता रडता मला हसू फुटलं. त्यानं सगळं बदललं. वीज आली तरी दिवे अगदी बारीक लागतील आणि आईच्या तळव्यापर्यंतच वाढतील. रोज तिन्हीसांजेलाही तसेच, सावकाश.

आईची पिशवी भरलेली होती. "एवढी एक सांज थांब," मी हातापाया पडले.

दिवा लागला की त्याला हात जोडायचे, ही आईची जन्माची सवय. माझ्या घरात तिनं ते कधीच केलं नव्हतं, कारण हात पदर सावरण्यात गुंतलेले असायचे. त्या संध्याकाळी हॉलमधला दिवा उमटू लागला. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला, मध्येच थांबला, दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला. ओठ हलायला लागले. नरसिंहपूरचा देव झाला, आण्णा झाले, मी, जावई, नातवंडं, गोठ्यातली म्हैससुद्धा झाली. दिवा अजून वाढतच होता.

"ह्यो दिवा दमानं येतो," ती म्हणाली. "समद्यांची नावं घेऊन हुत्यात." पिशवी तिनं स्वतःच रिकामी केली. मी ती उचलून माळ्यावर टाकली, समोर राहिली असती तर तिनं पुन्हा भरली असती.

परवा सणसरहून चुलतीचा फोन आला, चार दिवस राहायला ये म्हणून. मी स्वयंपाकघरात पोळी लाटायची थांबले.

"येते की," आई म्हणाली. "पर दिस मावळायच्या आत माघारी सोडा. दिवा लागायच्या टायमाला माणसानं आपल्या घरी असावं, बाई."

मी गॅस बंद केला, जिन्याखाली गेले आणि पिठाच्या हातांनीच त्या पेटीला हात जोडले.