पुस्तकातले 'ते'

त्या दुपारी आम्ही दोघांनी ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. सोलून झाल्यावर माझ्या बायकोनं, शांतानं, पदराला हात पुसले अन् पुस्तक उघडलं. दीड पान वाचलं, खूण म्हणून शेंगेचं टरफल ठेवलं अन् मिटून टाकलं. मी म्हटलं, "वाच ना आणखी." ती म्हणाली, "थांबा, घाई कायची हाय? उद्या वाचू." दिवे लागायच्या वेळी ती चुलीपुढून उठली, छातीवर हात ठेवून परत खाली बसली, अन् संपली... डॉक्टर आला तेव्हा भाकर तव्यावर जळत होती.

आता महिना होत आला. मी दुसरीपर्यंत शिकलो, जोडाक्षर आलं की अडतो. शेजारचे मास्तर म्हणाले, लिहा, चुका मी सुधारतो. चुका सुधारा म्हटलं, मला सुधारू नका. मी चांगला नवरा नव्हतो, अन् होतो असं लिहिणारही नाही.

शांता सौंसरची, सातवी पास. ते पुस्तक तिनं तिथल्या बाजारात रद्दीवाल्याकडून आणलं, कव्हर गेलेलं. गल्लीतले सगळे एका घरी नव्या टीव्हीपुढे जमत, अन् ही ओसरीत बसून मला वाचून दाखवे. गोष्ट एवढीच. एक बाई पोस्टात खिडकीवर काम करते. एक माणूस रोज येतो अन् एकच पोस्टकार्ड घेतो. शंभर पानं झाली तरी पोस्टकार्डच.

"लिहिते कोणाले तो?" मी विचारलं.

"कोणालेच नाही."

"मंग घेते कायले?"

"तुमाले गोटे मारणं समजते. हे नाही समजत."

खरं होतं. आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या या काठावर आम्ही, त्या काठावर सावरगाववाले, मधे झेंडा, अन् दिवसभर दगड. मी पंधराव्या वर्षापासून मारत आलो. कवटीवर गोटा बसला की कसा आवाज येतो, ते मला पाठ होतं. जे व्हायचं ते एका फटक्यात, असं माझं डोकं. अन् या पुस्तकात कोणी कोणाचं बोटही धरत नव्हतं. तरी दुपार झाली की मीच पुस्तकाकडे पाहत बसे. ती पुढचं पान वाचायच्या आधी मागची दोन परत वाचे.

पण एक गोष्ट मला खुपू लागली. बाईचं नाव ती घडघड वाचे. त्या माणसाचं कधीच नाही. तिथं आली की आवाज खाली येई अन् म्हणे, 'ते'. 'ते आले.' 'ते खिडकीपाशी उभे राहिले.' कोणाची याद आल्यावाणी.

तीन वर्षांमागच्या पोळ्याला मी बैल फिरवून आलो, थोडी घेतली होती. ती वाचत होती. मी म्हटलं, "त्याचं नाव काय हाय व?"

"मी नाही घेत नाव."

"काऊन? तुह्या ओळखीचा हाय का?"

ती हसली. हसली म्हणून मी मारलं. उलट्या हातानं. तिचा समोरचा दात पुस्तकावर पडला. मग पुस्तक हिसकून मी मधोमध फाडलं, पानं अंगणात उधळली, बैल त्यांच्यावरून गेले. ती रडली नाही. रक्त गिळत पानं वेचत होती. फाडताना एक ओळ जरी वाचली असती तर... पण फाडताना कोण वाचते.

दुसऱ्या दिवशी मी नदीवर त्याच रागानं गेलो. एका पोराचा जबडा माझ्या गोट्यानं सरकलेला मी डोळ्यानं पाहिला, अन् खुश झालो. तेवढ्यात समोरून एक गोटा आला. डावा डोळा गेला, तो गेलाच. चार माणसांनी घरी आणून टाकलं. शिव्या देऊन राहिलो होतो, पाणी मागून राहिलो होतो. शांतानं एका हातानं माझ्या डोळ्यावर फडकं दाबलं. दुसऱ्या हातात तेच पुस्तक, कणकेच्या खळीनं चिकटवलेलं, ओलं. सुजलेल्या ओठानं ती वाचू लागली. दात गेल्यापासून तिला 'ते' नीट म्हणता येत नव्हतं, फटीतून वारा निघे. मरेपर्यंत तसंच राहिलं. प्रत्येक पानावर दहा वेळा मला माझा हात ऐकू येई.

माफी मी मागितली नाही. नावही पुन्हा विचारलं नाही. एका डोळ्यानं बारीक अक्षर दिसत नाही, हा बहाणा होता. नाव सापडलं तर काय करू, याचं भ्याव होतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात लोक बांबू बांधत होते. तिला ओसरीत ठेवलं होतं. मी आत गेलो, पुस्तक आणलं, तिच्या बाजूला बसलो अन् टरफल होतं तिथं उघडलं. म्हटलं, आज पाहूनच घेतो कोण हाय तो. पान डोळ्याजवळ धरलं. मा. ध. व. जोडाक्षरही नव्हतं. खालच्या ओळीत परत माधव. मागच्या पानावर माधव. खळीच्या डागाखाली माधव.

गाव मला माधा म्हणते. माधव म्हणून मी सही करतो, अन् लग्नातल्या उखाण्यात तिनं एकदाच हे नाव घेतलं होतं. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही, पुस्तकातलंही नाही.

मी वाचायला लागलो, तिला ऐकू जाईल असं. एकेक अक्षर लावत. ओळीला ओळ लागायला वेळ लागत होता. नाव आलं की मी थांबत होतो अन् 'ते' म्हणत होतो.

मास्तर आले, खांद्यावर हात ठेवला. "माधाभाऊ, उचलू द्या आता."

म्हटलं, "थांबा, घाई कायची हाय? ते आत्ताच खिडकीपाशी आले."