मशीनला न आठवणारे दोन पत्ते

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाहुण्यांच्या आमटीसाठी नारळ खवत होते. फोन सुनेला, मृणालला आला होता. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि नुसतं "आई..." म्हणाली. मला वाटलं, लाइट जाऊन आली असेल, कॉम्प्युटर अडला असेल, मामाला म्हणजे दादालाच बोलवायचं का ते विचारते आहे. मी म्हटलं, "कर की फोन. येईल तो." ती रडायला लागली तेव्हा मला कळलं. सकाळी वाडीला पाणी लावताना दादा माडाच्या बुंध्याशी टेकून बसला, तो पुन्हा उठलाच नाही.

त्याला आता सव्वा महिना झाला. चौलला त्याच्या दिवसांना सगळे त्याच्याविषयी काही ना काही बोलले. मला चारचौघांत बोलता येत नाही, मी भिंतीला टेकून बसून राहिले. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. माझी शाळा चौथीत सुटली. तो शिकला, पनवेलकडे एका कारखान्यात लागला, तिथेच कॉम्प्युटरचं काम शिकला आणि निवृत्त होऊन चौलला परत आला. आमच्या नागावहून चौल म्हणजे स्कूटरने पंधरा-वीस मिनिटं. मला वाटलं, भाऊ आता जवळ आला... पण त्याच वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं आणि पत्रिकेत मामाचं नाव राहिलं. ह्यांच्या दोन्ही भावांची नावं होती, आत्यांची होती, मामाचं नव्हतं. हे म्हणाले, विसरलो. विसरले की मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही. कारण पत्रिका छापायला जाण्याआधी तो कागद माझ्या हातात आला होता. चौथी शिकलेल्या बाईला तेवढं वाचता येतं. मी दोनदा वाचला आणि घडी घालून ह्यांना परत दिला. दादा लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. पुढे चार वर्षं त्याचं पाऊल आमच्या घराला लागलं नाही. ये म्हणायची माझी छाती झाली नाही, आणि बोलावल्याशिवाय यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

मृणाल मात्र धीट. मागच्या तीन खोल्या ती पर्यटकांना देऊ लागली, त्यासाठी एक कॉम्प्युटर घेतला आणि तो काही केल्या चालेना. कॅमेरे एकाने बसवलेले, बिलाचा प्रिंटर दुसऱ्याने, वायफाय तिसऱ्याने. तिघांनी घातलेले पत्त्यांचे आकडे तीन तऱ्हेचे. तिने सरळ दादाला फोन लावला. "मामा, पाहुणे म्हणून येऊ नका. कामाला या." आणि तो आला! पडवीतून आत येताना ह्यांच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. मशीनपाशी खुर्ची ओढून बसला. मी पाणी दिलं, तेवढं घेतलं.

दुसऱ्या खेपेला मी धीर करून विचारलं, की ह्याला झालंय तरी काय. तो म्हणाला, "हे बघ बाय, कॅमेरे एका आळीत, प्रिंटर दुसरीत, वायफाय तिसरीत. आळीतल्या माणसाला आळीतलाच पत्ता कळतो. म्हणून ह्या एकट्याला तिन्ही आळ्यांत घर द्यायचं. मशीन एक, पत्ते तीन."

"मग दिलेस ना?"

"दिले. पण लाइट गेली आणि मशीन पुन्हा सुरू झालं, की पहिला पत्ता त्याला आठवतो, नंतर दिलेले दोन विसरतं."

"म्हणजे माहेर तेवढं लक्षात राहतं," मी म्हटलं.

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. "राहतं ना?" म्हणाला.

नागावात लाइट जायला काही कारण लागत नाही. लाइट गेली की कॅमेरे आणि प्रिंटर मुके व्हायचे, मृणाल फोन करायची आणि दादा स्कूटरवरून यायचा. काळ्या पडद्यावर दोन बोटांनी दोन ओळी लिहायचा. काम दोन मिनिटांचं, पण बसायचा अर्धा तास. पहिल्या वर्षी पाण्यावरून चहावर आला. दुसऱ्या वर्षी मी घावणे पुढे ठेवले, ते काही न बोलता खाल्ले. हे झोपाळ्यावरून टोमणा मारायचे, "आले का मशीनचे डॉक्टर?" दादा आतूनच म्हणायचा, "आलो भावोजी. पेशंट तुमच्यासारखाच आहे, झोपून उठला की माणसं ओळखत नाही." मृणाल तोंडाला पदर... पदर कुठला, ओढणी लावून हसायची. एकदा हेसुद्धा हसले. मी चुलीपाशी होते, पण ऐकलं.

मग एका महिन्यात लाइट गेलीच नाही. नवीन तारा टाकल्या होत्या म्हणे. दादा पंचवीस दिवस आला नव्हता. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पडवीत गेले, मेन स्विच खाली ओढला, दहा आकडे मोजले आणि वर केला. संध्याकाळी दादा आला. आमच्या शेजारच्या वाडीतला विजेचा पंप दुपारपासून एकदाही न थांबता चालू होता, विहिरीचं पाणी पाटातून खळखळ वाहत होतं. दादा स्कूटर लावून ते ऐकत जरा वेळ उभा राहिला. मग आत येऊन म्हणाला, "तुमच्याकडे लाइट फार जाते गं," आणि खुर्चीत बसला. त्यानंतर मी किती वेळा तो स्विच ओढला, ते लिहीत नाही.

तेरावं झाल्यावर दादाची मुलगी प्राची आमच्याकडे आली. पुण्याला कॉम्प्युटरच्याच कामात आहे. दोन दिवसांपूर्वी लाइट गेली होती, मशीन तसंच पडून होतं. ती बसली आणि बघता बघता थांबली.

"आत्या, बाबांनी तर सगळं लिहून ठेवलंय. मशीन सुरू होताना जी फाईल वाचतं, तिच्यात दोन्ही पत्ते आहेत. तारीख बघ, पहिल्यांदा आले त्याच दिवसाची."

"मग ते विसरतं कसं?"

तिने बोट लावून दाखवलं. दोन्ही ओळींच्या आधी एक खूण होती, फुली-गोळा खेळायला आपण आखतो तशी. "ही असली की मशीन ती ओळ वाचतच नाही, सोडून पुढे जातं. बाबांनी मुद्दाम घातलीय." मग डोळे पुसून म्हणाली, "थांब, काढून टाकते. मग लाइट कितीही वेळा जाऊ दे, कुणी यायची गरज नाही."

हे दारात उभे होते. "पहिल्या दिवसापासून?" एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, तसे वाडीत निघून गेले.

"नको," मी म्हटलं.

"अगं, पण आत्या, मृणालवहिनीला त्रास..."

"नको काढू. मला लिहायला शिकव."

तिने कागदावर दोन्ही ओळी मोठ्या अक्षरांत काढून दिल्या. इंग्रजी अक्षरं मला चित्रासारखी बघून उमटवावी लागतात, आकडे मात्र येतात.

काल दुपारी लाइट गेली, तासाभराने आली. मृणाल बाजारात होती. मी खुर्चीत बसले. एक टिंब राहिलं म्हणून पहिली ओळ मशीनने घेतली नाही, पुन्हा लिहिली. दुसरी लिहिल्यावर प्रिंटर कुरकुरला. मागे हे येऊन उभे होते.

"झालं?"

"झालं."

ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पत्रिकेत त्याचं नाव घालायला पाहिजे होतं."

"मी वाचली होती," मी म्हटलं. "छापायच्या आधी. मला दिसलं होतं."

दादा तीन वर्षं ह्या खुर्चीत येऊन बसत होता, तेव्हा त्याला सांगायचं होतं मला ते... त्याच खुर्चीत बसून मी ते ह्यांना सांगितलं.