दाजी, मुकादम आणि आरशासारखी फरशी

आमच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, जन्मभर फरशा घोटल्या. बँकांच्या, दवाखान्यांच्या, बड्या लोकांच्या दिवाणखान्यांच्या. मशीन धरून पाण्या-चुऱ्याच्या राड्यात उभं राहायचं, आधी घासायचा जाड दगड फिरवायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि मळकट दिसणाऱ्या फरशीला चेहरा दिसेल इतकी चमक आणायची. बोलायला माणूस अगदी कोरडा. फार खूश झाले तर "बरंय" म्हणायचे.

स्वतःच्या घराची फरशी मात्र त्यांनी शिल्लक राहिलेल्या तुकड्यांतून जमवली होती. मोठ्या कामांवर उरलेले दगड मालकाला विचारून आणायचे, कापायचे, बसवायचे आणि रविवारी घोटत बसायचे. कोणता तुकडा कुठल्या कामावरचा, हे त्यांना तोंडपाठ. उंबऱ्याजवळचा काळा दगड त्यांनी स्वतंत्रपणे घेतलेल्या पहिल्या कामाचा. पाहुणा आला की त्याला हाताला धरून फरशी दाखवायचे, पाणी नंतर. मी एकदा म्हणालो, "दाजी, तुमच्या घरात खाली बघितलं की स्वतःच्याच नाकपुड्या दिसतात हो."

"मग मान वर करून चाला," दाजी म्हणाले. मेव्हण्याची थट्टा ते अशी एका वाक्यात परतवून लावायचे.

मुकादम हा त्यांचा कुत्रा. एका बांधकामावर वाळूच्या ढिगावर बसून तो सगळ्यांची कामं बघायचा, स्वतः काडीचं काम करायचा नाही, म्हणून मजुरांनीच त्याचं नाव मुकादम ठेवलं. काम संपलं, मजूर पांगले, आणि हे पिल्लू दाजींच्या टेम्पोत मशीनच्या शेजारी जाऊन बसलं. पुढं प्रत्येक कामावर ते दाजींबरोबर गेलं. ताई आणि दाजींना मूल नाही. हे मी एवढंच लिहितो, कारण त्या घरातही ते एवढंच बोललं जायचं.

मुकादम म्हातारा झाला तसा पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागला. आधी वाटलं, मुरगळला असेल. मग रात्रंदिवस कण्हायला लागला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि हाडात गाठ असल्याचं सांगितलं. पाय खांद्यापासून काढला तर दुखणं जाणार होतं.

"मशीनचं एक चाक गेलं की ते जागच्या जागी फिरतं," दाजी म्हणाले. "हा चालणार कसा?"

"कुत्री शिकतात, काका. तीन पायांवर चांगली चालतात," बाई म्हणाल्या. "पण याचं वय झालंय. याला लवकर उभं करा, रोज थोडं थोडं चालवा. पडून राहिला तर अंगाला जखमा होतील, छाती भरेल. मग मला तुमच्याशी वेगळंच बोलावं लागेल. आणि टाके सुकेपर्यंत स्वच्छता ठेवा."

वेगळं म्हणजे कायमचं झोपवायचं इंजेक्शन, हे दाजींना कळलं. त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

घरी सोडायच्या दिवशी मीही गेलो होतो. दवाखान्याच्या खडबडीत अंगणात मुकादम उभा राहिला, डोकं खालीवर करत, उड्या घेत टेम्पोपर्यंत गेला. दाजी तोंड फिरवून उगीचच टायर तपासत राहिले. मला वाटलं, सुटलो.

पण घरात तो उभाच राहीना. पहिल्या दिवशी गोणपाटावरून उठायला गेला आणि उरलेले पाय तीन दिशांना पसरून हनुवटीवर आपटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आपटला. त्यानंतर त्यानं नाद सोडला. दाजी त्याला उचलून बाहेर मातीत न्यायचे, तिथं तो कसाबसा उभा राहायचा. पण काम उरकलं रे उरकलं की टाक्यांना माती लागेल म्हणून त्याला लगेच आत आणायचे. खाणं हातानं भरवायचे. मुकादम खायचा, पण त्यांच्याकडे बघायचा नाही.

"रुसलाय तो," दाजी मला फोनवर म्हणाले. "सही मी केली ना."

एकदा का एखादी गोष्ट दाजींच्या डोक्यात बसली की ती पहारीनंही निघत नाही. त्यांनी कामं घेणं बंद केलं. दिवसभर कुत्र्यापाशी बसून राहायचे. आणि बाईंनी स्वच्छता सांगितली होती म्हणून रोज फरशी धुवायचे, पुसायचे, वरून पॉलिशची पावडर टाकून बारीक दगडानं घोटायचे. कुत्र्यासाठी काय करावं हे न सुचणाऱ्या माणसानं, हाताला जे येत होतं ते केलं. त्या घराला इतकी चकाकी कधीच आली नव्हती.

मुकादमाच्या कुशीवर जखम झाली. डॉक्टरीणबाईंनी ती धुतली, औषध लावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी याल तेव्हाही हा असाच असेल, तर आपण बसून बोलू, काका."

त्याच आठवड्यात मी ताईकडे गेलो. दाजींची दाढी वाढली होती. इतका टापटिपीचा माणूस, पण त्यांच्याकडे बघवेना. ताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होती, एका हातात कप, दुसरा हात भिंतीवर. भांड्याचा आवाज ऐकून मुकादमानं मान वर केली, एक पाय पुढं टाकला, तो सरकला, आणि तोंड फरशीवर आदळलं. दाजी धावले, त्याला सावरलं. त्यानं मान फिरवली.

"बघितलंत?" दाजी मला म्हणाले. "माझं तोंड बघायचं नाही त्याला."

ताईनं कप खाली ठेवला. ही माझी बहीण लग्नानंतर नवऱ्यापुढं आवाज चढवून बोललेली मी ऐकली नव्हती, आणि त्या दिवशीही तिनं आवाज चढवला नाही.

"रुसला नाही हो तो. घसरतोय."

"माझ्या फरशीवर? पिल्लू असल्यापासून फिरतोय की तो!"

"तेव्हा चार पाय होते."

"मग चटया टाक."

"टाकल्या होत्या. त्याही सरकतात." ताईचा हात अजून भिंतीवर होता. "मीसुद्धा भिंत धरूनच चालते. गुडघे गेल्यापासून. दरवर्षी भिंतीला रंग देता आणि विचारता, इथं कोण हात लावतं म्हणून. मीच लावते. या घरात दुसरं आहे कोण?"

"अगं, मग सांगायचंस ना!"

"काय सांगायचं? लोकांना हाताला धरून आणता तुम्ही फरशी दाखवायला."

मला दोघांचाही राग आला. दाजी उठले. स्वयंपाकघराच्या दारापासून भिंतीवर एक मळकट पट्टा गेला होता, कमरेच्या थोडा वर. त्यांनी त्यावर पंजा ठेवला आणि तो पट्टा जिथवर जात होता तिथवर चालत गेले. न्हाणीघर. झोपायची खोली. बाहेरचं दार. मग हातोडी आणि टाकी घेऊन आले आणि उंबऱ्याजवळच्या काळ्या दगडापाशी मांडी घालून बसले.

पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करतात, तशी ते आपल्या फरशीला टाकी लावू लागले. पहिला घाव पडला तेव्हा मीच म्हणालो, "दाजी, हा दगड तरी सोडा."

"दार इथंच आहे," ते म्हणाले.

मग थांबलेच नाहीत. बँक गेली, दवाखाना गेला, कुणाकुणाचे दिवाणखाने गेले. टवके उडत होते, धूळ केसांत बसत होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात थांबवला नाही. ठोकून झाल्यावर पंजाला टोचू नये म्हणून मशीनला जाड दगड लावून वरची धार तेवढी काढली. जुन्या दगडांतून एक पांढुरकी, खरखरीत पट्टी तयार झाली, गोणपाटापासून दारापर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत. कुत्र्याच्या मानानं ती फारच रुंद होती. मी तसं म्हटलं, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हातोडी वाजत होती तोवर मुकादम मान उंच करून बघत होता, कामावर बघायचा तसा. दाजींनी त्याच्या छातीखालून टॉवेल घातला आणि दोन्ही टोकं धरली.

"उठा मुकादम. काम तपासा."

मुकादमानं पंजा पट्टीवर ठेवला. दगड हुंगला. पाय सरकला नाही. मग मागचे पाय ओढून घेत तो उभा राहिला, सगळं अंग थरथरत होतं, पण उभा राहिला. दाजींनी टॉवेल सैल सोडला. डोकं खालीवर करत तो दारापर्यंत गेला, तिथं थांबला, आणि वळून दाजींकडे बघितलं. दाजी खालीच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. "बरंय," म्हणत होते, "बरंय."

डॉक्टरीणबाईंना ते बोलणं बोलावं लागलं नाही. दाजींनी रोज त्याला थोडं थोडं चालवलं, त्याची नखं आणि पंजातले केस कापले, मान वाकवावी लागू नये म्हणून त्याचं भांडं एका खोक्यावर ठेवलं. पुढं ते कामावर जायला लागले आणि मुकादमही टेम्पोत बसून जाऊ लागला. गाठ पुन्हा आली ती छातीत, तोवर वर्ष उलटून गेलं होतं. शेवटच्या दिवशी तो सकाळी चालत दारापर्यंत गेला, काळ्या दगडावर उन्हात आडवा झाला आणि तिथंच गेला.

त्यानंतर मी भेटायला गेलो. दाजी त्या दगडाशेजारी बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पट्टी आता परत घोटणार असाल. दोन-तीन रविवारांचं काम आहे."

दाजी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. ताई चहा घेऊन येत होती. दोन्ही हातांत ट्रे, त्यात तीन कप, आणि ती पट्टीच्या मधोमध चालत होती, खाली न बघता.

"या वर्षी," दाजी म्हणाले, "भिंतीला रंग द्यायला नको."