ओटाची कापणी आणि मोठे साहेब

सत्तरच्या दशकात मी नागपूरला शेतीशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. माझा विषय होता ओटाच्या चाऱ्यातला तंतू: कुठल्या वाणात किती, आणि त्यात बियाण्याचा वाटा किती, खतपाण्याचा किती. घरचे विचारत, "ओट म्हणजे काय?" मी सांगे, "गायीचं खाणं." मग ते विषय बदलत. मुलगा गायीच्या जेवणात पदवी घेतोय हे चारचौघांत सांगणं जडच.

पावसाळ्याआधी पदवी मिळाली तर एका डेअरीत नोकरी नक्की होती. जानेवारीअखेर ओट फुलोऱ्यावर आला. कापायची वेळ हीच. पुढे काड्या निबर होतात आणि वाणावाणांतला फरक पुसला जातो. पण आमच्या मार्गदर्शक सरांना कापणीचं उद्घाटन हवं होतं. मंडप, हार, पेढे आणि कृषी खात्याच्या मोठ्या साहेबांच्या हाती रिबीन बांधलेला विळा.

साहेबांना आज मीटिंग, उद्या दौरा, परवा कुणाचं लग्न. फेब्रुवारी असाच सरला. ऊन चढत होतं आणि माझा जीव टांगणीला लागला होता. सरांकडे गेलो की ते म्हणत, "काहून घाई करून राहिला गा? गुण बियाण्यात असते. आठ-पंधरा दिवसानं त्याले काय होते?"

मार्चमध्ये साहेब आले. टाळ्या झाल्या. फोटोसाठी त्यांनी पेंढी गायीपुढे धरली. गायीने हुंगून मान फिरवली. "पोट भरलं हाय तिचं, साहेब," सर म्हणाले. फोटोत उत्साहाने खावं म्हणून सरांनीच तिला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं.

प्रयोगशाळेत तंतू मोजायला मी नमुने आम्लात उकळले, अल्कलीत उकळले. मऊ म्हणून नावाजलेला वाण आणि सगळ्यांत निबर वाण, दोन्हींत तंतू सारखाच निघाला. "वातावरणाचा परिणाम लिहून टाक," सर म्हणाले. मी लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, "वातावरणातला नेमका कुठला घटक? पाणी, खत, की ऊन?"

सर शेजारीच बसले होते. मला त्यांचा मनस्वी राग आला होता.

"मोठे साहेब," मी म्हणालो.

परीक्षक हसले. सर हसले नाहीत. प्रयोग पुन्हा करायचा ठरला आणि नोकरी दुसऱ्याला गेली.

पुढच्या वर्षी फुलोरा दिसताच मी उजाडायच्या आत सगळा ओट कापून टाकला. दहाच्या सुमारास सर मंडपवाल्याला घेऊन आले. मंडपाला आता जागा भरपूर होती.