बुखारी वाढवली

माझा धाकटा भाऊ फौजेत आणि मी लातूरला एका खाजगी क्लासमध्ये भौतिकशास्त्राची बाई. सुट्टीवर आला की तो मला अणूबद्दल विचारायचा आणि मी त्याला थंडीबद्दल. दुसऱ्याचं काम सोपं आहे, असं दोघांनाही वाटायचं.

त्याची चौकी इतक्या उंचावर होती की तिथं गवतसुद्धा उगवत नाही. बर्फात एक खोली आणि खोलीत बुखारी, म्हणजे रॉकेलवर जळणारी लोखंडी शेगडी. बर्फ वितळवून पाणी तीच देणार, हातपाय शाबूत तीच ठेवणार. तिचं रॉकेल खालून यायचं. आधी टँकरनं, मग खेचरांवर, शेवटी माणसांच्या पाठीवर किंवा हेलिकॉप्टरमधून. "वर एक डबा पोचवायला खाली किती डबे जळतेत, त्याचा इचार करू नगं ताई," तो म्हणायचा, "डोकं फिरतंय."

एका सुट्टीत किल्लारीच्या घरी जेवताना मी त्याला लहान अणुभट्ट्यांबद्दल सांगितलं. दूरच्या तळांसाठी अशा भट्ट्या आणायच्या खटपटीत काही देशांच्या फौजा आहेत, असं मी वाचलं होतं. ट्रकवर मावेल एवढी भट्टी. एकदा इंधन भरलं की कित्येक वर्षं टँकर नको, खेचर नको. त्याचा घास हातातच राहिला.

"आन् गोळा पडला तर?"

मी सांगितलं, की इंधनाचे दाणे खसखशीएवढे असतात, प्रत्येक दाण्यावर कडक कवच असतं, प्रचंड उष्णतेतही ते सहसा फुटत नाही. गोळ्यापुढं काय होईल ते मात्र मला माहीत नव्हतं, आणि तसं मी बोलले. फौजेतल्या माणसाला थापा कशाला मारायच्या?

मायचा कान इकडंच होता. तिला भट्टी एकच ठाऊक, हातभट्टी. "सरकार आता पोरांना भट्टी लावून द्यायलंय का?" ती कडाडली. आम्ही पोट धरून हसलो. नीट समजावल्यावर किल्लारीच्या कुठल्याही माणसानं विचारावं तेच तिनं विचारलं, "जमीन हालली तर?"

"माय, वर रोजच काय ना काय हालतंय," भाऊ म्हणाला. "पर ऊब तर राहील."

तेव्हापासून प्रत्येक फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, आपली भट्टी कुठवर आली?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "गाडी लेट हाय, उदगीरला उभी हाय."

आता मायच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, बांगडी फुटली की वाढवली म्हणतात, हे सगळ्यांच्याच घरात. माय त्याच्या चार पावलं पुढं. आमच्याकडं चूल विझली म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. चूल वाढवली म्हणायचं, दिवा वाढवला म्हणायचं. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही म्हणजे नाही. भाऊ या वळणात इतका मुरलेला, की फौजेतसुद्धा त्याची जीभ तशीच राहिली.

भावजय नांदेड जिल्ह्यातली, देगलूरच्या पलीकडची. माहेरी तेलुगू, मराठी शाळेत शिकलेली, बोलणं पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि त्यातला बहुतेक काळ नवरा वर. घरात आता गॅस, त्यामुळं चूल वाढवणं तिच्या कानावर पडलंच नव्हतं.

त्या हिवाळ्यात रस्ता बंद पडला. हवा अशी, की हेलिकॉप्टरही उडेना. फोन येईना. सुट्टी काढून मी किल्लारीला जाऊन बसले. एका रविवारी दुपारी फोन वाजला. भावजयीनं तो धावत उचलला, "ताईपण आल्यात" म्हणाली आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"ताई... भट्टी आली का गं?" जीभ जड झाल्यासारखा आवाज.

"उदगीरला हाय," मी म्हणाले.

"बरं. हिकडं बुखारी वाढवली परवा." आणि फोन कटला.

भावजयीनं टाळी वाजवली. "ऐकलंत ना ताई? बुखारी वाढवली म्हणाले! म्हणजे तेल पोचलं वर. मी उगीच रडत होते." ती स्वयंपाकघरात पळाली आणि तिनं तुपातला शिरा केला. गुणगुणत केला.

मी मायकडं पाहिलं. माय जमिनीकडं पाहत होती. कोणी काय सांगायचं त्या पोरीला? आम्ही दोघींनी शिरा खाल्ला. माय तर मागून घेत होती, पोरीला शंका येऊ नये म्हणून.

सोमवारी मी लातूरला परतले. फळ्यावर अणूच्या विखंडनाची साखळी काढली. खसखशीएवढ्या दाण्यात केवढी ऊब कोंडलेली असते, ते मोठ्या आवाजात सांगत राहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" मी खडू फेकून मारला. त्या लेकराचा काय दोष होता? मला राग होता तो सगळ्या जगाचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या अकलेचा. फावल्या वेळात मी वेड्यासारखी त्या भट्ट्यांच्या बातम्या शोधायची. आराखडा, चाचणी, परवानगी, पुन्हा चाचणी. हे सगळं व्हायलाच हवं, घाईनं अशी वस्तू कोणी डोंगरावर नेऊ नये, हे मीच वर्गात शिकवते. पण तिकडं माझा भाऊ विझलेल्या लोखंडाला टेकून बसला होता आणि मला सगळे नियम जाळून टाकावेसे वाटत होते.

हवा उघडली. त्याला खाली आणलं, दवाखान्यात ठेवलं, एवढं कळलं. मी पुन्हा किल्लारी गाठली. मग त्याचा फोन आला. तो कोणीतरी त्याच्या कानाशी धरला असावा, कारण मधेच तो कुणाला तरी "जरा वर धर" म्हणाला. भावजयीनं स्पीकर लावला.

"माय, जिता हाय मी. रडायचं न्हाई."

माय रडलीच.

"ताई, तू हायस का? उजव्या हाताची बोटं वाढवली गं. डाव्याची दोन राहिलीत."

भावजय फोनकडं पाहत राहिली. मी वाट पाहत होते, की आता ती वळेल आणि विचारेल, ताई, वाढवली म्हणजे काय? तिनं नाही विचारलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडला आणि तिनं मायच्या हाताला घट्ट धरलं.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी शिरा केला होता."