चोविसाव्या घरचा पाइप

बद्रुद्दीन मिस्त्रीच्या वडिलांनी अख्खी हयात बडनेऱ्यात भांड्यांना कल्हई करण्यात घालवली. आपण तोच धंदा मोठा केला, असं मिस्त्री स्वतः सांगतो. भांड्याच्या जागी पूल आला, एवढाच काय तो फरक! गावाबाहेरच्या कारखान्यात वितळलेल्या जस्ताचं भलंमोठं टाकं आहे. लोखंडी तुळया त्यात बुडवून काढल्या, की वर्षानुवर्षं गंजाची जवळ यायची बिशाद नाही. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्याला एक खोड जडलीय. लग्नाच्या पंगतीतसुद्धा तो खुर्चीचा पाय नखानं खरवडून बघतो. बायको जहाँआरा म्हणूनच त्याच्या शेजारी बसत नाही.

टेंभुरखेडचा पूल मात्र त्याच्या खास जिव्हाळ्याचा. चांदूर बाजारला जायला त्या गावाला नाल्यावरून तेवढीच वाट. जुना पूल पुरात गेला होता, आणि का गेला ते मिस्त्रीला पाठ होतं. कठड्यात बाभळी अडकल्या, त्यांच्यामागं पाणी तुंबलं आणि सगळा रेटा पुलावर आला. म्हणून नव्या पुलाचा कठडा त्यानं सुटा करून दिला होता. चोवीस पाइप, प्रत्येकाला एक खिट्टी. पावसाळ्याआधी खिट्ट्या काढायच्या, पाइप बाजूला ठेवायचे आणि पुराला खुशाल पुलावरून जाऊ द्यायचं. हे त्यानं गावाला तीनदा समजावलं, आणि गावानं तीनदा मान डोलावली.

मृग तोंडावर आला तेव्हा तो सहज चक्कर मारायला गेला आणि पुलावर पाय ठेवताच थबकला. चोवीसच्या चोवीस पाइप कुणीतरी वेल्डिंग करून पक्के चिकटवले होते! जस्त जळून जागोजागी काळे डाग पडले होते.

"मीच बलावला वेल्डर," सरपंच सुंदराबाई मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "भंगारचोर काय कमी हायेत? एका रातीत पाइप गायब करतीन."

"बाई, तुमी पूल वाचवून नाई राहिल्या, बुडवून राहिल्या!"

"अन् कठडा काढल्यावर पोट्टे नाल्यात पडले मंग?"

"दोर बांधून देतो ना मी. पूर आला का दोर तुटते, तुटू द्या. अन् पुलावर पाणी असलं तं कोणीच जायचं नाई, दोन्ही तोंडाले साखळी लावा."

दुसऱ्या दिवशी तो ग्राइंडर घेऊन आला. गाव गोळा झालं. चांगलं काम तोडतोय म्हणून लोकांनी त्याला नाही नाही ते ऐकवलं. मिस्त्रीचंही डोकं फिरलं. "जुना पूल कोन्या चोरानं नेला होता? सांगा ना!" त्यानं विचारलं. सुंदराबाई तशाच उठल्या आणि स्वतःच्या घरातून ग्राइंडरसाठी विजेची वायर ओढत आल्या.

संध्याकाळपर्यंत पाइप सुटे झाले. जळक्या जागी मिस्त्रीनं जस्ताचा रंग लावला. पण चोरांची भीतीही काही खोटी नव्हती. त्यावर सुंदराबाईंनीच तोड काढली. एका घरी एक पाइप ठेवायचा, दसऱ्याला ज्यानं त्यानं तो आणून बसवायचा. ज्याचा हरवेल त्यानं गावाला तोंड दाखवू नये! तेवीस पाइप बघता बघता वाटले गेले. चोविसावा त्यांनी मिस्त्रीच्या हातात दिला.

"मले काहून?"

"तुमीबी गावाचेच. ठेवा घरी."

श्रावणात वर मेळघाटात धो धो पाऊस झाला आणि दिवसभर पूल पाण्याखाली होता. बाभळी आल्या, निंब आले, एक अख्खी बैलगाडी वाहत आली. सगळं वरून निघून गेलं. पाणी ओसरल्यावर मिस्त्री धावत आला. त्यानं चिखल पुसला, तुळईवर नख ओढलं, आणि त्याला रडूच आलं. ते त्यानं लपवलंही नाही.

दसऱ्याच्या सकाळी टेंभुरखेडच्या लोकांनी तेवीस पाइप बसवले. एका जागी फट उरली. हारफुलं तयार होती, पण सुंदराबाई नारळ फोडू देईनात. ऊन चढलं तशी माणसं कुरकुरायला लागली. अखेर फाट्यावर एसटी थांबली आणि खांद्यावर सहा फुटी पाइप सांभाळत बद्रुद्दीन मिस्त्री उतरला.

"उशीर झाला, बाई. कंडक्टर पाइप चढवू देत नोता."

"होऊ दे," सुंदराबाई म्हणाल्या. "चोविसाव्या घरचं मानूस आल्याबिगर पूजा कशी करतो आमी?"