वॉटमीटर लावण्याआधी

ताईच्या पायाला भिंगरी लागली होती. परीक्षेच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात तिच्या बारा फेऱ्या झाल्या. मी पुस्तक धरून पायरीवर बसलो होतो.

ताई जळलेल्या मोटारींत नवी तार भरते. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा दुकान तिच्याकडे आलं. त्याला अकरा वर्षं झाली. लायसन मात्र दिराचं. प्रत्येक कामाच्या कागदावर सही त्याची, वर चार शब्द ऐकवणारही तोच. आता तो दुसऱ्या गावी निघाला होता. आज ती स्वतःच्या लायसनसाठीच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, तर दुकानाला कुलूप.

मागच्या खेपेला ती सरासरी पॉवरवर अडकली. कॉइलचे व्होल्ट आणि अँपिअर तिने सरळ गुणले. परीक्षक हसले. तेव्हापासून रोज दुपारी ती तार गुंडाळायची आणि वरच्या खोलीत राहणारा मी खाली येऊन धडा वाचायचो. मी साहित्याचा पदवीधर. सतत दिशा बदलणाऱ्या एसी करंटची सरासरी शून्य, हे वाचून मीच थांबलो. मग दिवा लागतो कसा?

“करवत मागेपुढे जाते,” ती म्हणाली. “सरासरी काढ. जागची हललीच नाही. लाकूड कापलं गेलं ना? काय शिकलास रे कॉलेजात?”

तिला आत बोलावलं. दार उघडंच राहिलं. टेबलावर लोखंडी गाभ्याची एक कॉइल सकाळपासून चालू होती. शेजारचे मीटर दोनशे तीस व्होल्ट आणि एक अँपिअर दाखवत होते. परीक्षकांनी विचारलं, सरासरी पॉवर किती?

आदर्श कॉइल घेतलेलं सगळं परत करते, म्हणून पुस्तकातलं उत्तर शून्य होतं. काल तिने ते मला दहादा म्हणून दाखवलं होतं. माझे ओठ हलले. तिने पुरवठा बंद करायला सांगितला. मग कॉइलवर तळवा ठेवला. बराच वेळ.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“गुणून येतात ते दोनशे तीस वॉट नाही,” ती म्हणाली. “करंट व्होल्टच्या मागे रेंगाळतो. म्हणून कॉइल घेते त्यातलं बहुतेक परत करते. पण शून्यही नाही. कोमट लागतेय. परत गेलेलं ऊब ठेवून जात नाही. एवढ्या उबेला वीसेक वॉट असतील.”

परीक्षकांनी खरी खर्च होणारी पॉवर मोजणारा वॉटमीटर जोडला आणि पुरवठा सुरू केला. काटा एकवीसवर थांबला. त्यांनी लायसनच्या कागदावर ‘पास’ लिहिलं, तो तिच्यापुढे सरकवला आणि सही करायला सांगितली.

“कुणाची?” ताईने विचारलं.

त्यांनी कागदावरच्या तिच्या नावावर बोट ठेवलं.